वरच्या मजल्याची वाटी

सोमवार, ४ जुलै २०१६. तारनाका

डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून लिहितोय, हौस म्हणून नाही. "कमलताई काय विसरतात, काय वेगळं बोलतात, ते तारीखवार लिहून ठेवा. महिन्यानं मला दाखवा." एकतीस वर्षं मी कोर्टात अनुवादक होतो. तेलुगू, उर्दू, मराठी, इंग्रजी, कुणाकुणाच्या जबान्या कागदावर उतरवल्या. तेव्हा स्वतःच्या बायकोची जबानी लिहायला जड जाऊ नये. पण जातंय.

तर नोंद पहिली. शुक्रवारी कमलनं भाजीचं पातेलं उतरवलं, घासून पालथं घातलं, आणि खाली गॅस तसाच जळत ठेवला. विचारलं तर म्हणाली, "मी कुठं लावला? तुम्हीच लावला असेल." त्या आधीच्या आठवड्यात फोनवर प्रमिलाला तिनं आपली धाकटी बहीण समजून माहेरच्या गोष्टी विचारल्या. प्रमिला आमची एकुलती एक मुलगी, कुकटपल्लीला असते. आईनं ओळखलं नाही म्हणून ती तासभर रडली आणि मग माझ्यावरच ओरडली.

आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. वय वर्षं सदुसष्ट, येणारे पदार्थ दोन: चहा आणि पोहे. पोहेही गिच्च होतात.

दुसरी बातमी, वरचा मजला रिकामा झाला. आमचा भाडेकरू भास्करम गेला. राज्याचे दोन तुकडे झाले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्याचं ऑफिस आज जातंय उद्या जातंय चाललं होतं. शेवटी विजयवाड्याचा हुकूम आला. बायकामुलं आधीच गेली होती. शनिवारी तो आणि त्याची आई निघाले. आईला, म्हणजे आमच्या अम्मगारूंना, दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून चालणं धरून धरून आणि बोलणं पुटपुटल्यासारखं. "सामान बाद में लेके जातूं सार, अम्मा को टॅक्सी में बिठा दिया," असं तो म्हणाला. टॅक्सी कोपऱ्यावर उभी होती. माझे गुडघे हे असे, तिथवर कोण जाणार? मी गेटमधूनच टॅक्सीला हात जोडले.

सात वर्षं राहिले बिचारे. चांगली माणसं.

बुधवार, ६ जुलै

आज मी ग्रीक सूप केलं! हसायचं असेल त्यानं हसावं.

प्रमिलानं फोनवर कृती पाठवली. "नाना, बाजारात जायची गरज नाही, घरातल्या डब्यांतलंच लागतं. आईला चावायला सोपं. बी प्रॅक्टिकल." त्यात शेंगदाण्याएवढा कसलासा पांढरा घेवडा होता. आमच्या डब्यांत चवळी होती. चवळी म्हणजे काय परकी आहे? कांदा, लसूण, एक वाळकं गाजर, टोमॅटोच्या गराचं पाकीट. ऑलिव्ह तेलाची बाटली नातवाच्या मालिशीसाठी आणलेली होती, नातू आता नववीत आहे, तेल अजून आहे. ओरेगॅनो नावाचा पालापाचोळा लागतो, तो प्रमिलाच्या पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांतून निघाला. कमलनं बावीस पुड्या जपून ठेवल्यात. सगळं कुकरमध्ये घातलं, चार शिट्ट्या, वरून लिंबू. अर्ध्या तासात तयार. सिकंदर असलंच काही खाऊन सिंधूपर्यंत आला असणार. आपल्याला निदान तारनाक्याच्या चौकापर्यंत जाता यावं.

चवळी मापताना मात्र कमल मध्ये आली. माणशी एक मूठ, हे तिचं माप. धान्य मोजताना ती पहिल्या मुठीला एक म्हणत नाही, लाभ म्हणते. "लाभ, दोन, तीन."

"तीन कशाला? आपण दोघं."

"वर अम्मगारू नाहीत का?"

मी समजावलं. अगं, त्या गेल्या विजयवाड्याला, टॅक्सीत बसून, मी हात जोडले. ती ऐकून घेते, मान हलवते, आणि तिसरी मूठ कुकरात टाकते. जेवताना तिनं स्टीलची वाटी भरली, झाकण ठेवलं आणि मागच्या जिन्यानं वर गेली. पाच मिनिटांनी हात हलवत परत आली. डॉक्टर म्हणालेत, वाद घालू नका.

गुरुवार, ७ जुलै

वाटी जिन्याच्या तळाशी सापडली. धुतलेली. आत चमचाभर साखर.

मला आधी कळेना, मग हसू आलं. आमच्या सासूबाईंची शिकवण! कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर घालून द्यायची. म्हणजे बाईसाहेब सूप मांजराला घालतात, वाटी धुतात, आणि अम्मगारूंच्या वतीनं स्वतःच साखर घालून खाली आणून ठेवतात. वकील आणि साक्षीदार दोन्ही एकच! फक्त आमची साखर बारीक आहे आणि ही जाड खड्याची होती. जुनी पुडी कुठं तरी लपवली असेल.

मंगळवार, १२ जुलै

सूप रोज होतं. हात बसला आता. कमल पोटभर जेवते, चेहरा भरलाय. वर वाटी जाते, खाली वाटी येते. गेल्या पाच दिवसांत आत काय काय होतं ते नोंदवतो, डॉक्टरांना उपयोगी पडेल: गुळाचा खडा. चिंचेचं बुटूक. मूठभर तांदूळ. दोन लाल मिरच्या. पुन्हा तांदूळ, पण मोजके, तळ दिसत होता.

"अम्मगारू म्हणतात, लिंबू जरा कमी घाला," कमल म्हणाली.

मला राग आला, खरं सांगतो. ज्या बाई घरातच नाहीत त्यांनी माझ्या सुपाला नावं ठेवावीत?

"मग त्यांना म्हणावं खाली या आणि करून दाखवा."

"कशा येतील? बाहेरून कुलूप आहे ना. म्हणून तर मी जाते."

किती बेमालूम बसवते बघा. कुलूप आहे हे खरं, त्याला जोडून उरलेलं सगळं मनचं. कोर्टात असे साक्षीदार पाहिलेत मी, उलटतपासणीत हलत नाहीत.

पाण्याची टाकी लवकर संपतेय. मोटर दोनदा लावावी लागते. वरचा फ्लश गळत असणार.

गुरुवार, १४ जुलै

गुडघ्याला तेल लावून मी आज वर गेलो. दुपारी अडीचची वेळ. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

दाराला मोठं पितळी कुलूप, भास्करमनंच लावलेलं. जिन्याच्या माथ्यावर स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिची झडप आतून ओढलेली. गजाखालच्या कट्ट्यावर आमची वाटी, पालथी घातलेली, अजून ओली. बाजूच्या भिंतीवर ऊन होतं आणि वाटी मात्र ओली.

मी हाक मारली, "कौन है?" तेलुगूतही विचारलं. काही नाही. पण नाही म्हणजे कसं, ते लिहितो. रिकाम्या घरातली शांतता मला माहीत आहे. ही तसली नव्हती. आत कुणी तरी श्वास धरून बसावं तसं वाटलं. मी गुडघ्यांची पर्वा न करता भराभर खाली उतरलो. म्हाताऱ्या माणसाला पळताना बघायला कुणी नव्हतं, तेवढंच बरं.

खाली येऊन भास्करमला फोन लावला.

"अम्मा कैसी हैं?"

"अच्छी हैं सार. इधरच हैं. अभी खाना खाके सोयीं."

झालं. पुरावा मिळाला. मग मी त्याला फ्लशचं सांगितलं, तो म्हणाला महिनाअखेर येऊन बघतो. फोन ठेवल्यावर मी कमलकडे बघितलं. ती वाटाणे सोलत होती आणि मधूनच छताकडे बघून हसत होती. मला तिची भीती वाटली. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. लिहून टाकतो, म्हणजे मनातून जाईल.

मंगळवार, १९ जुलै

लक्ष्मणराव आले होते. समोरच राहतात, रेल्वेतून निवृत्त, मूळचे नांदेडकडचे. ते बुद्धविहारात दर रविवारी व्याख्यान देतात आणि जगात भूत नाही यावर माझं दरमहा एक बौद्धिक घेतात. आज मीच विचारलं, "रिकाम्या घरात कुणी असल्यासारखं वाटलं तर काय समजावं?"

"काय समजायचंय? कुणी तरी हाय म्हून समजायचं. भूतबीत काय नसतंय नरहरराव. उंदीर तरी असतंय नाही तर माणूस तरी."

"माणूस विजयवाड्याला आहे. मी स्वतः फोन केला."

"मग उंदीर," असं म्हणून त्यांनी सूप संपवलं आणि अजून मागितलं. माझ्या सुपाची ख्याती वाढतेय.

आजच्या वाटीत मोहरीचे दाणे. मी मोजले नाहीत, पण बोटावर मोजण्याएवढेच.

रविवार, २४ जुलै

बोनालूच्या, म्हणजे देवीच्या जत्रेचे ढोल सकाळपासून. प्रमिला आली होती. तिनं आईसाठी मऊ चपला आणल्या, आईनं त्या घालून घरभर चालून दाखवलं. दिवस छान चालला होता. सूप बघून प्रमिला म्हणाली, "नाना, हे ग्रीक नाही, हे आपलं कायतरी झालंय." चालायचंच.

जेवायला बसलो आणि कमलनं तिसरी वाटी भरली. मी प्रमिलाला खुणेनं सांगितलं, बोलू नको. तेवढ्यात ढोल थांबले आणि वरून धप्प असा आवाज आला. काही जड जमिनीवर पडावं तसा. मग सरकत सरकत काही ओढल्याचा आवाज, भिंतीपासून मोरीपर्यंत.

"घूस असेल," प्रमिला म्हणाली. पण तिचा घास हातातच राहिला.

"पडल्या वाटतं," असं म्हणत कमल वाटी घेऊन उठली. तिला मी अडवलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच हात काढून घेतला.

जाताना प्रमिलानं गेटपाशी विचारलं, "आई रोज वर जाते? तुम्ही जाऊ देता? पडली तर?" मी गेटची कडी लावून आत आलो.

बुधवार, २७ जुलै

गेल्या तीन दिवसांचं: एक लवंग. काल सेफ्टी पिन. आज कॅलेंडरचा तुकडा, जून महिन्याचा, घडी घालून. साखर-तांदळावरून पिनेवर आली बाई. आजार उतरणीला लागला की चढणीला, ते डॉक्टरच जाणोत.

चवळी संपत आली. प्रमिलाला सांगायला हवं.

शनिवार, ३० जुलै

आज वाटीत गोळी होती. औषधाची. पाकिटातून अर्धवट कापलेली, मागे नाव: रक्तदाबाची.

कमलला रक्तदाब नाही. मलाही नाही. ही कुणाच्या गोळ्या गोळा करतेय? खातेय का? मी तिचं कपाट उचकलं, उशी फाडली, तांदळाच्या डब्यात हात घातला. काही सापडलं नाही. "कमल, खरं सांग, गोळी कुठून आणलीस?"

"मी नाही आणली. अम्मगारूंनी घातली. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं वाटतं."

मी ओरडलो तिच्यावर. नको ते बोललो. ती कोपऱ्यात जाऊन बसली आणि नव्या चपला काढून छातीशी धरल्या.

मग मी प्रमिलाला फोन केला. करायला नको होता की हवा होता, मला कळत नाही.

रविवार, ३१ जुलै

निर्णय झाला. म्हणजे प्रमिलाचा झाला. तिच्या घराजवळ विसरभोळ्या माणसांसाठी एक संस्था आहे, नर्सा असतात, दारं आतून बंद. येत्या रविवारी, ७ तारखेला, ती गाडी घेऊन येणार. "नाना, उद्या ती कुणाची पण गोळी खाऊन बसेल. तुम्हाला एकट्याला नाही झेपणार. माझी आई आहे ती, मला काय आनंद होतोय का?" बोलता बोलता रडायला लागली पोरगी.

बेचाळीस वर्षं. माझा चष्मा कुठं आहे ते मला नाही, तिला माहीत असायचं. तिला तिथं ठेवायचं आणि मी इथं एक मूठ चवळी शिजवायची? माझ्याच्यानं होणार नाही. पण सात दिवसांत तिचं हे वरचं खूळ गेलं, तर प्रमिलाला सांगता येईल, की बघ, सुधारली. एकच उपाय आहे. वाटी बंद.

बुधवार, ३ ऑगस्ट

जिन्याच्या तळाच्या जाळीच्या दाराला मी कुलूप घातलं. किल्ली जानव्याला बांधली.

कमलनं दुपारी वाटी भरली, जिन्यापाशी गेली, कुलूप हलवून पाहिलं आणि परत आली. भांडली नाही. वाटी समोर ठेवून बसली. स्वतःही जेवली नाही.

"जेव ना गं."

"आधी त्यांना द्या."

गुरुवार, ४ ऑगस्ट

जेवली नाही. दूध घेतलं, तेही अर्धा पेला. चांगली गोष्ट एवढीच, की टाकीचं पाणी आज पुरलं. मोटर एकदाच लावली. वरचा फ्लश आपोआप नीट झालेला दिसतो.

शुक्रवार, ५ ऑगस्ट

दुपारी वरून आवाज. धातूवर धातू. टक. टक. टक. मग बराच वेळ काही नाही. मग परत तीन वेळा. नळाच्या पाइपात हवा भरली की असं होतं.

कमल त्या आवाजाला उठून बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, नुसतं पाणी गळत होतं डोळ्यांतून. मी रेडिओ लावला. भीती वाटत होती म्हणून लावला, दुसरं कारण नाही.

शनिवार, ६ ऑगस्ट

आजचं आजच लिहितो, जसंच्या तसं.

सकाळी कमलला उठवतही नव्हतं. तीन दिवसांत चेहरा एवढासा. उद्या प्रमिला येणार. मी म्हटलं, जाऊ दे सगळं, हिला उपाशी पाठवायचं नाही. डब्यात शेवटची चवळी होती. मी मुठीनं मापली, लाभ, दोन. ती खाटेवरून बघत होती. तिनं तीन बोटं वर केली. मी तिसरी मूठ टाकली. डबा संपला.

सूप झाल्यावर मी तिला म्हणालो, "मी देऊन येतो. मग जेवशील?" ती हौ म्हणाली.

जाळीचं कुलूप काढलं. वाटी कट्ट्यावर ठेवली आणि झाकण वाजवलं. मला वाटलं, आता बसू इथंच, मांजर येईल, ते मी डोळ्यांनी बघीन, आणि खाली जाऊन छातीवर हात ठेवून सांगीन की कमल, तुझी अम्मगारू पांढरी असून तिला शेपूट आहे. चार पायऱ्या खाली उतरून भिंतीला टेकून बसलो. पावणेदोन वाजले होते.

बराच वेळ गेला. मग झडप चार बोटं उघडली.

हात बाहेर आला. वाळलेला, निळ्या शिरांचा, मनगटात एक काचेची बांगडी. तो कट्ट्यावर चाचपडला, वाटी सापडली, ओढली. भूत आहे असंच वाटलं मला. एकतीस वर्षं साक्षीपुराव्यात काढलेला माणूस मी, तिथं पायरीवर मारुतीचं नाव घेत बसलो.

आतून खाण्याचा आवाज आला. घाईघाईनं, मध्ये ठसका, मग परत. असं खाताना मी कुणालाही ऐकलेलं नाही. मग थांबलं. मग पाण्याची बारीक धार, वाटी विसळली जात होती. मला वाटलं आता वाटी बाहेर येईल.

नाही आली. पाय ओढल्याचा आवाज. आणि मग एका डब्याचं झाकण उघडलं. बंद झालं. दुसऱ्याचं उघडलं. बंद झालं. तिसरं. चौथं. कुठं बोटांनी तळ खरवडल्याचा आवाज. मग परत पहिल्यापासून, झाकण, झाकण, झाकण.

त्या क्षणी मला कळलं. मांजर असलं करत नाही आणि भूतही करत नाही. तीन दिवस उपाशी ठेवलेलं माणूस माझी वाटी रिकामी परत द्यायची नाही म्हणून डब्यांतून काही तरी शोधत होतं. आणि उपाशी मी ठेवलं होतं. कुलूप घालून, किल्ली जानव्याला बांधून.

मी ओरडलो. "वद्दु अम्मगारू! खालीगाने इव्वंडी! नको हो, रिकामीच द्या! रिकामीच द्या!"

झाकणांचा आवाज थांबला.

मग मी कसा उतरलो, रस्ता कसा ओलांडला, आठवत नाही. लक्ष्मणराव जेवत होते. मी नुसता "वर, वर" म्हणत होतो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, हात धुतला, पहार घेतली. "माणूसच हाय म्हणलं व्हतं ना मी?" असं वाटेत एकदा म्हणाले, पण ते मला टोचायला नव्हे, त्यांचाही आवाज फाटला होता. चार घावांत कुलूप तुटलं.

ओट्यावर पंधरा-सोळा डबे, सगळे स्वच्छ, सगळे रिकामे. अम्मगारू खाली जमिनीवर बसल्या होत्या. मांडीवर आमची वाटी, पुसून कोरडी केलेली. आम्हाला बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

बोलणं कळायला वेळ लागला. कमल आली तेव्हा तिनं सांगितलं, तिला त्यांचं पुटपुटणं कळतं. मुलानं पंधरा दिवसांचं सामान भरून ठेवलं होतं. तिकडे खोली एकच, सुनेशी पटत नाही, जागा बघतो आणि आठ दिवसांत न्यायला येतो म्हणाला. तोवर आवाज करू नको, मालकाला कळलं तर माझी इज्जत जाईल. म्हणून त्यांनी केला नाही. मी हाक मारली होती त्या दिवशी त्या दाराच्या मागेच उभ्या होत्या, तोंडावर हात धरून. कमलकडून वाटी घेतली, कारण कमल कुणाला सांगणार नाही असं त्यांना वाटलं.

कमलनं तर रोज सांगितलं. मलाच सांगितलं.

लक्ष्मणराव पोलिसांत जायचं म्हणत होते. अम्मगारूंनी त्यांचे पाय धरले. डॉक्टर येऊन गेले, सलाइन लावलं. त्या आमच्या खाली, पुढच्या खोलीत झोपल्यात. मला इतकी लाज वाटतेय की त्या खोलीतून जाताना मी मान वर करत नाही.

रविवार, ७ ऑगस्ट

प्रमिला अकराला आली. हातात आईची बॅग आणि संस्थेचा फॉर्म. मी सगळं सांगितलं. ती पुढच्या खोलीत गेली, अम्मगारूंच्या पायाशी बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग फॉर्मची घडी करून पर्समध्ये टाकत म्हणाली, "नाना, मी पण तिला वेडी ठरवून मोकळी झाले."

"मी आधी ठरवलं."

"आई कुठं जात नाही. बाई ठेवू मदतीला, मी शनिवार-रविवार येईन."

कमलनं तिच्याकडे कौतुकानं बघितलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?" प्रमिला हसली, रडली, म्हणाली, "तुमचीच." तर हे आहे. आजार आहेच. डॉक्टरांना ही वही दाखवायची आहे, पण यातलं निम्मं तिच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे.

दुपारी प्रमिलानं आणलेल्या चवळीचं सूप केलं. लिंबू कमी घातलं. लक्ष्मणरावही आले होते. वाटी समोर ठेवली तरी अम्मगारू खाईनात. चमचा हातात, नजर माझ्या फोनवर. शेवटी मीच भास्करमला लावला आणि आवाज मोठा ठेवला. काय काय सुनवायचं ते मी सकाळपासून तीन भाषांत जुळवून ठेवलं होतं.

"अम्मा कैसी हैं?" मी विचारलं. नेहमीसारखं.

"अच्छी हैं सार," खोलीभर त्याचा आवाज. "अभी खाना खाके सोयीं."

प्रमिलानं तोंडावर हात घेतला. लक्ष्मणराव उठून उभे राहिले. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अम्मगारूंनी थरथरतं बोट ओठांवर ठेवलं. मग कमलला जवळ ओढून तिच्या कानात काही पुटपुटल्या.

"त्या विचारतायत," कमल मला म्हणाली, "तो जेवला का?"

जुळवलेलं सगळं मी बाजूला ठेवलं. मी विचारलं, "भास्करम, भोजनम् अयिंदा?"

"अयिंदी सार," तो म्हणाला.

अम्मगारूंनी मान हलवली आणि चमचा तोंडाला लावला.